शंभर रुपयांची नोंदणी आणि त्यापुढचं सगळं: घरून खाद्यपदार्थ विकणाऱ्या इंदूरकरांसाठी ‘फॉसकॉस’चं परीक्षण

रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर या भागांत घरून गोडा मसाला, मेतकूट, दिवाळीचा फराळ, पुरणपोळ्या, उकडीचे मोदक विकणारी घरं चिकार आहेत. भंवरकुआकडे कोचिंगच्या मुलांना दोन वेळचा डबा पुरवणारी तर गल्लोगल्ली सापडतील. या सगळ्यांना लागू असलेलं पहिलं सरकारी काम एकच आहे: एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, मूलभूत नोंदणी. ती ‘फॉसकॉस’ या सरकारी पोर्टलवर होते. हे परीक्षण त्या सेवेचं आहे.

निकाल आधीच सांगतो. सेवा स्वस्त आहे, घरबसल्या होते, कागद कमी लागतात. या तिन्ही बाबतीत तिला पैकीच्या पैकी गुण. पण अर्जातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, म्हणजे तुमचा व्यवसाय कोणत्या गटात बसतो, तो सोडवायला ती काडीची मदत करत नाही. आणि प्रमाणपत्र हाती दिल्यावर लेबल, वजनकाटा, गॅस यांबद्दल चकार शब्द काढत नाही. त्यामुळे प्रमाणपत्र भिंतीवर लावलं की आपण नियमात बसलो, असा समज होतो. तो चुकीचा आहे, आणि घरगुती विक्रेत्यांच्या बहुतेक अडचणी तिथूनच सुरू होतात.

आधी एक गोंधळ दूर करू. मध्य प्रदेशात घरगुती स्वयंपाकघरासाठी वेगळा कायदा नाही. कायदा केंद्राचा आहे, अन्न सुरक्षा व मानके अधिनियम 2006, आणि त्याखालची परवाना व नोंदणी नियमावली 2011 ची. अंमलबजावणी राज्याच्या खाद्य व औषधी प्रशासनाकडे आहे. म्हणजे पुण्याच्या बहिणीला जे नियम, तेच इंदूरच्या भावजयीला; फरक फक्त अर्ज कोणत्या अधिकाऱ्याच्या टेबलावर जातो एवढाच. पूर्वीची जुनी ऑनलाइन व्यवस्था बंद होऊन फॉसकॉस आपल्याकडे 1 नोव्हेंबर 2020 पासून चालू झालं.

दुसरा गोंधळ: ‘आम्ही दुकान थाटलेलं नाही, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर ओळखीच्यांनाच देतो.’ कायद्याला दुकानाशी देणंघेणं नाही. अन्नव्यवसायाच्या व्याख्येत नफा असो वा नसो, खाद्यपदार्थ तयार करणं, पॅक करणं, साठवणं, विकणं हे सगळं येतं. जत्रेत दोन दिवसांचा थालीपिठाचा स्टॉल लावणाराही त्यात येतो.

कोणती पायरी आपली

2011 च्या नियमावलीने मुळात लहान व्यावसायिकाची सीमा वर्षाला 12 लाख रुपयांची उलाढाल अशी ठेवली आणि उत्पादनासाठी दिवसाला 100 किलो किंवा लिटर. चालू मर्यादेच्या आत असाल तर परवाना लागत नाही, फक्त नोंदणी. फी वर्षाला 100 रुपये. नियमावलीत सुधारणा होत असतात, म्हणून अर्ज भरण्याच्या दिवशी पोर्टल जी मर्यादा आणि जी फी दाखवेल तीच धरा, कुणी पाठवलेला जुना मेसेज धरू नका.

इथे दोन चुका नेहमी होतात. उलाढाल म्हणजे एकूण विक्री. सामान, गॅस, मदतनीस वजा करून उरलेला नफा नव्हे. महिन्याला लाख रुपयांच्या वर डबे विकणाऱ्या घराचा नफा वीस-पंचवीस हजार असेल, पण उलाढाल 12 लाखांच्या पुढे गेलेली असते. आणि 100 किलोची मर्यादा रोजची आहे, वर्षाची सरासरी नाही. दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात चार कढया लावून चकली आणि शेव काढणाऱ्यांनी आपला सगळ्यात जड दिवस मोजायचा.

दुधाच्या पदार्थांचं गणित वेगळं आहे. श्रीखंड, चक्का, पनीर, खवा करणाऱ्यांना किलोची नव्हे, दुधाची मर्यादा: दिवसाला 500 लिटरपर्यंत नोंदणी. घरगुती श्रीखंडवाल्याला ती आयुष्यात ओलांडायची वेळ येत नाही, पण अर्जात ‘डेअरी’चा गट वेगळा निवडावा लागतो. फराळाच्या गटात श्रीखंड घुसवता येत नाही.

आता मुख्य ग्यानबाची मेख: गट. पोर्टलवर राज्य निवडलं की उत्पादन, व्यापार, खाद्यसेवा अशी मोठी दालनं उघडतात आणि त्यांत बारीक खोके. डबा किंवा मेस चालवणाऱ्यांनी खाद्यसेवेत घरगुती कॅन्टीन व डबेवाले हा पर्याय घ्यायचा. मूळ नमुना ‘अ’ अर्जातही तो आहे. लोणचं, मसाला, पापड, फराळ पॅक करून विकणाऱ्यांनी उत्पादनात जायचं. दोन्ही करत असाल तर दोन्हींवर खूण करायची, कारण जे प्रमाणपत्रावर लिहिलेलं नाही ते विकण्याची परवानगी नाही. दुसऱ्याकडून पापड घेऊन आपल्या नावाच्या पिशवीत भरत असाल तर ते उत्पादन नाही, रीपॅकिंग आहे, आणि त्याचा खोका वेगळा.

सगळ्यात महागात पडणारी चूक ‘ई-कॉमर्स’ या खोक्याची. झोमॅटो-स्विगीवर विकायचं आहे म्हणून लोक तो निवडतात आणि पोर्टल त्यांना थेट केंद्रीय परवान्याकडे ढकलतं, हजारोंच्या फीसकट. तो खोका पोर्टल चालवणाऱ्या कंपन्यांसाठी आहे. त्यांच्यामार्फत पोहे विकणाऱ्या घराला आपली साधी नोंदणीच पुरते. हे पडद्यावर एका ओळीत सांगता आलं असतं. सांगितलेलं नाही, आणि सामान्य माणसासाठी असलेल्या सेवेत ही गोष्ट आम्हाला अक्षम्य वाटते.

उत्पादन निवडल्यावर पदार्थांचे गट येतात, क्रमांकांसह. दुग्धजन्य पदार्थ गट 1, फळं-भाज्या आणि त्यांत येणारी लोणची गट 4, बेकरी गट 7, मीठ-मसाले गट 12, भारतीय मिठाई व नमकीन गट 18. लाडू, करंजी, चिवडा, शेव शोधायला लोक बेकरीत हिंडतात. ते 18 मध्ये पाहा. नानकटाई मात्र बेकरीतच.

अर्ज

गट ठरला की उरलेलं काम अर्ध्या तासाचं आहे. मोबाइल आणि ईमेलवर ओटीपी घेऊन खातं उघडायचं, नाव-पत्ता भरायचा, अर्जदाराचा फोटो आणि ओळखपत्र चढवायचं. स्वयंपाकघर ओळखपत्रावरच्या पत्त्यावर नसेल तर जागेचा पुरावा जवळ ठेवा: भाड्याचं घर असेल तर भाडेकरार. घरमालकाची लेखी संमती पोर्टलने मागितली नाही तरी घ्या, कारण पुढे तक्रार झाली तर ती शेजाऱ्याकडून किंवा सोसायटीकडूनच होते.

नाव आधारवर जसं आहे अक्षरशः तसंच लिहा. आपल्या आडनावांची इंग्रजी स्पेलिंगं कागदागणिक बदलतात, त्यात लग्नानंतरचं नाव एका कागदावर आणि माहेरचं दुसऱ्यावर. अर्ज परत येण्याचं हे एक नेहमीचं कारण आहे. दुसरं कारण अर्धवट पत्ता. ‘गणपती मंदिराजवळ’ हा पत्ता इंदूरमध्ये पोस्टमनला पुरतो, अधिकाऱ्याला पुरत नाही. घर क्रमांक, कॉलनी, पिन सगळं हवं.

पैसे भरले की 17 आकडी संदर्भ क्रमांक मिळतो. तो लिहून ठेवा आणि दर दोन दिवसांनी स्थिती पाहा. अधिकाऱ्याने काही विचारून अर्ज परत पाठवला आणि 30 दिवसांत उत्तर गेलं नाही तर अर्ज बाद होतो आणि फी बुडते. ईमेल कियोस्कवाल्याचा दिलेला असला तर हे तुम्हाला कळतही नाही.

मुदतीच्या बाबतीत नियम अर्जदाराच्या बाजूने आहे, आणि हे फार कमी जणांना माहीत असतं. अर्ज मिळाल्यापासून 7 दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याने नोंदणी द्यायची, कारण लिहून नाकारायची किंवा तपासणीची नोटीस द्यायची. तपासणी ठरली तर 30 दिवसांत निर्णय. या मुदतींत काहीच कळवलं गेलं नाही तर लहान व्यावसायिक काम सुरू करू शकतो. तपासणी प्रत्येक अर्जात होतेच असं नाही, पण स्वयंपाकघर ती उद्या आहे असं समजूनच तयार ठेवावं. जून 2024 पासून कमी जोखमीच्या काही गटांना तत्काळ नोंदणीची सोय आहे. घरी पदार्थ तयार करून पॅक करणाऱ्यांनी तिच्यावर विसंबू नये, ती मुख्यतः व्यापार आणि किरकोळ विक्रीसाठी आहे.

प्रमाणपत्रावर 14 आकडी क्रमांक येतो. नोंदणीचा पहिला आकडा 2, परवान्याचा 1. तुमच्या नोंदणी क्रमांकाची सुरुवात 1 ने झाली असेल तर कुणीतरी चुकीचा गट भरून तुमच्याकडून परवान्याची फी घेतली आहे. ही खूण पाठ करून ठेवा, कारण इंटरनेटवर सरकारीसारख्या दिसणाऱ्या खासगी साइटींचा सुळसुळाट आहे. त्या याच कामाचे दीड-दोन हजार सहज घेतात. खऱ्या पोर्टलच्या पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ असतं. एमपी ऑनलाइनच्या कियोस्कवर जायला हरकत नाही, पण तिथे मोबाइल आणि ईमेल स्वतःचाच द्या, पासवर्ड स्वतः ठेवा, आणि सरकारी फीची पावती वेगळी मागा.

पोर्टलवर मराठी नाही. इथल्या आपल्या लोकांना त्याची तक्रार नसते, हिंदीवर भागतं. पण इंग्रजीतले खोके वाचून गट निवडणं साठीच्या काकूंना एकट्याने जमणारं नाही. सोबत कुणी तरुण बसवा.

ओट्यापाशी काय पाहतात

नियमावलीच्या परिशिष्ट 4 चा पहिला भाग लहान व्यावसायिकांसाठी आहे. दोन-तीन पानांचा मजकूर, आणि त्यात घरगुती स्वयंपाकघराला अशक्य असं काहीही नाही. खिडक्यांना जाळी, झाकणाचा कचऱ्याचा डबा, पुसता येणारा ओटा, पुरेसा उजेड, पिण्यायोग्य पाणी, कापलेली नखं, डोक्याला टोपी, ॲप्रन, आणि जुलाब, ताप, हातावर जखम असलेल्याने त्या दिवशी अन्नाला हात लावायचा नाही. तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई असलीच पाहिजे असंही त्यात स्पष्ट आहे. पुरणाचं पितळी पातेलं, आमटीचं तपेलं हे आपल्याकडे कौतुकाने वापरतात. कल्हई उडालेल्या जागी चिंच किंवा आमसूल शिजलं की तांबं पदार्थात उतरतं. कल्हईवाला सापडत नसेल तर स्टील वापरा.

पाण्याची चाचणी नोंदणीसाठी मागत नाहीत. तरीही करून घ्या. घरात नर्मदेचं आणि बोअरिंगचं पाणी एकाच टाकीत पडत असेल तर टाकीतूनच नमुना घ्यायचा, नळातून नाही, आणि आयएस 10500 या पिण्याच्या पाण्याच्या मानकाप्रमाणे अहवाल मागायचा. ओल्या-सुक्या कचऱ्याची इंदूरला सवय आहेच, त्यामुळे त्या कलमात आपण देशाच्या पुढे आहोत. वर्तमानपत्राच्या बाबतीत नाही. पोह्यांवर जीरावन भुरभुरून कागदाच्या तुकड्यावर देणं, तळलेली चकली रद्दीवर निथळवणं, दोन्हींना 2018 च्या पॅकेजिंग नियमांत मनाई आहे. शाईतली द्रव्यं गरम तेलात लगेच उतरतात. निथळायला स्टीलची जाळी घ्या.

गॅसबद्दल पोर्टल काहीच विचारत नाही. घरगुती 14.2 किलोचा लाल सिलिंडर व्यवसायासाठी वापरायला बंदी आहे. विक्रीचं काम 19 किलोच्या कमर्शियल सिलिंडरवरच करायचं. महाग पडतो, म्हणून किंमत ठरवतानाच तो हिशेबात धरा. वर्षभर घरच्या सिलिंडरवर भाव बांधला की नंतर वाढवणं जड जातं.

लेबल: जिथे बहुतेकांची दांडी उडते

रोजचा गरम डबा, मोदकांची ताजी ऑर्डर यांना पूर्ण लेबल लागत नाही. बिलावर नोंदणी क्रमांक मात्र 1 जानेवारी 2022 पासून सक्तीचा आहे. आधीच पिशवीबंद करून ठेवलेल्या मालाला 2020 चे लेबलिंग नियम आणि वैधमापनाचे, म्हणजे वजन-मापाचे, 2011 चे नियम, दोन्ही लागू होतात.

पहिली गोष्ट भाषेची, कारण ती आपल्याच लोकांना अडवते. सक्तीचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत हवा. फक्त मराठी लेबल चालत नाही. मराठी जोडीला जरूर ठेवा, पण ‘घटक’ खाली जे लिहाल त्याच्याशी हिंदी-इंग्रजी यादी तंतोतंत जुळली पाहिजे.

पिशवीवर पदार्थाचं नाव, वजनाच्या उतरत्या क्रमाने घटक, शाकाहारी खूण, नोंदणी क्रमांक व एफएसएसएआयचं चिन्ह, नाव आणि पूर्ण पत्ता, निव्वळ वजन, सर्व करांसहित कमाल किंमत, प्रति ग्रॅम किंवा प्रति किलो दर, लॉट क्रमांक, तयार केल्याची तारीख, वापराची अंतिम तारीख, तक्रारीसाठी फोन. ‘बेस्ट बिफोर’ लिहिणं ऐच्छिक आहे, अंतिम तारीख नाही. ‘तीन महिने टिकते’ अशी मोघम ओळ पुरत नाही. लॉट क्रमांकासाठी डोकं शिणवू नका: तारीख आणि त्या दिवशीच्या घाण्याचा क्रमांक पुरतो. शाकाहारी खूण म्हणजे हिरव्या चौकटीत भरीव हिरवं वर्तुळ. लेबलाचा मुख्य दर्शनी भाग 100 चौरस सेंटिमीटरपर्यंत असेल तर वर्तुळाचा व्यास किमान 3 मिलिमीटर, 100 ते 500 असेल तर 4. प्रिंटरवाला डिझाइन बसवण्यासाठी ती खूण लहान करतो. छापण्यापूर्वी पट्टी लावून मोजा.

पूर्ण पत्त्याची अट एकट्या राहणाऱ्या बाईला नकोशी वाटते आणि ते समजण्यासारखं आहे. तरीही तो गाळता येत नाही. फोन मात्र विक्रीसाठी वेगळा ठेवता येतो, आणि ठेवावा.

ॲलर्जीची सूचना हा घरगुती मसालेवाल्यांचा सगळ्यात दुबळा भाग. ग्लुटेन (गव्हासारख्या धान्यांतलं प्रथिन) असलेली धान्यं, दूध, अंडी, मासे, कवचधारी जलचर, शेंगदाणे व सुकामेवा, सोयाबीन आणि ठरावीक प्रमाणाच्या वर सल्फाइट यांचा उल्लेख वेगळा करावा लागतो. आता मेतकूट घ्या. त्यात हरभराडाळ, उडीद, तांदूळ आणि गहू असतो, म्हणजे ‘गहू (ग्लुटेन) आहे’ असं लिहायलाच हवं. गोडा मसाल्यात गहू नाही म्हणून आपण निश्चिंत असतो, पण त्यातला हिंग पाहा. बाजारातला बांधानी हिंग शुद्ध राळ नसतो. बहुतेक डब्यांवर गव्हाचं पीठ किंवा मैदा लिहिलेला दिसेल. तो हिंग मसाल्यात गेला की ग्लुटेनही गेलं. सीलिअॅक हा ग्लुटेन न सोसणारा आजार असलेल्या माणसाला एवढं प्रमाणही त्रास देतं. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग मिळतो, तो घ्या आणि डब्याचा फोटो काढून ठेवा.

मसाल्यांसाठी आणखी एक नियम: दळलेले मसाले सुटे विकता येत नाहीत, पॅक करूनच विकावे लागतात. ओळखीच्या गिऱ्हाइकाला बरणीतून मोजून पाव किलो तिखट देणं हे नियमाबाहेर आहे.

आणि दावे. डिंकाच्या लाडवाच्या पिशवीवर ‘सांधेदुखीवर उत्तम’, मेथीच्या लाडवावर ‘मधुमेहींसाठी’ असं लिहू नका. रोगावर गुण येतो असा दावा अन्नाच्या लेबलावर करता येत नाही. ‘शुद्ध’, ‘पारंपरिक’, ‘नैसर्गिक’ हे शब्द ब्रँडच्या नावात घातले तर त्यांना 2018 च्या दाव्यांच्या नियमांतल्या अटी लागतात. पदार्थाचं नाव स्वच्छ लिहिलं तरी माल खपतो.

वैधमापनाची बाजू फॉसकॉसवर कुठेच दिसत नाही. माल आधी पॅक करून विकणाऱ्याने काम सुरू केल्यापासून 90 दिवसांत पॅकर म्हणून नापतौल (वैधमापन) विभागाकडे नोंदणी करायची असते. नियम 27, फी 500 रुपये. इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यावर विभागाचा शिक्का हवा आणि त्याची तपासणी दर 12 महिन्यांनी. ऑनलाइन घेतलेला स्वयंपाकघरातला छोटा काटा विक्रीच्या वजनाला चालत नाही. पापड-शेवया आर्द्रतेने वजन बदलतात, त्यामुळे 200 ग्रॅम लिहून मोजून 200 भरू नका. दोन-तीन ग्रॅम जास्तच राहू द्या.

पदार्थ बिघडतो कुठे

लोणच्याला मानक ठरलेलं आहे. तेलातल्या लोणच्यात फोडींचं प्रमाण किमान 60 टक्के आणि तेलाचा थर फोडींच्या वर किमान अर्धा सेंटिमीटर, किंवा तेल किमान 10 टक्के. मिठाच्या पाण्यातल्या लोणच्यात मीठ किमान 12 टक्के. आजकाल ‘कमी मिठाचं, कमी तेलाचं’ लोणचं मागतात. मीठ आणि तेल हेच त्याचं रक्षण असतं. ते कमी केलं की ते लोणचं राहत नाही, फ्रिजमधला आठवड्याचा पदार्थ होतो आणि त्याची तारीखही तशीच छोटी छापावी लागते. बुरशी येते ती बहुधा वरून: बरणीच्या गळ्याशी तेलाबाहेर राहिलेल्या फोडीवर. भरताना दाबून हवा काढा, दुसऱ्या दिवशी तेल खाली बसलं की पुन्हा वरपर्यंत घाला, मगच झाकण सील करा.

चिवडा खवट होतो तो पोह्यांमुळे नाही, खोबऱ्याच्या कापांमुळे आणि शेंगदाण्यांमुळे. म्हणून तारीख त्यांच्यावरून ठरवायची. गरम चिवडा पिशवीत भरला की वाफ आतच अडकते आणि दोन दिवसांत मऊ पडतो. पूर्ण गार होऊ द्या, पण उघड्या परातीत रात्रभर नको, पावसाळ्यात तर मुळीच नको. साध्या पातळ पिशवीतून हवा आत-बाहेर जाते, तिच्यात शेव टिकत नाही. लॅमिनेटेड पाउच आणि रुंद सील घ्या. पाउचच्या तोंडाला तेल किंवा पिठाचा कण लागला तर सील धरत नाही, भरायला नरसाळं वापरा.

तळणीच्या तेलात एकूण ध्रुवीय संयुगं (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने तयार होणारी द्रव्यं) 25 टक्क्यांच्या वर गेली की ते वापरायचं नाही, असा 1 जुलै 2018 पासून नियम आहे. मोजायच्या पट्ट्या मिळतात. पट्टी नसेल तर लक्षणं पाहा: फेस बसत नाही, धूर लवकर येतो, तेल बोटाला चिकट लागतं. चकलीच्या भाजणीचे कण तळाशी जळतात आणि तेल झपाट्याने बिघडवतात, म्हणून प्रत्येक घाण्यानंतर झाऱ्याने काढा, आणि काळ्या तेलात नवं तेल मिसळून दिवस ढकलू नका.

प्रत्येक लॉटमधली एक पिशवी बाजूला ठेवायची, छापलेल्या अंतिम तारखेच्या पंधरा दिवस पुढेपर्यंत. गिऱ्हाइकाची तक्रार आली की तीच उघडून पाहायची. तारीख खरी होती की नाही हेही तीच सांगते.

अधिकारी नमुना घ्यायला आले तर घाबरायचं कारण नाही. ते नमुन्याची किंमत देतात, लेखी नोटीस देतात, नमुन्याचे चार भाग करून सील करतात. एक भाग एनएबीएल या राष्ट्रीय मंडळाच्या मान्यतेच्या प्रयोगशाळेत पाठवा, अशी मागणी तुम्ही त्याच वेळी लेखी करू शकता, खर्च आपला. ती तिथेच करायची. सरकारी अहवाल मान्य नसेल तर 30 दिवसांत अभिहित अधिकाऱ्याकडे (डेझिग्नेटेड ऑफिसर) अपील करता येतं.

बाकीचे कागद

जीएसटीसाठी मालाची मर्यादा 40 लाख, सेवेची 20 लाख. नोंदणीच्या पातळीवरचं घर सहसा त्याखालीच असतं. झोमॅटो-स्विगीवरच्या जेवणाचा कर 1 जानेवारी 2022 पासून तेच भरतात. पॅकबंद माल ऑनलाइन बाजारात, राज्यातल्या राज्यात विकणाऱ्या लहान विक्रेत्याला 1 ऑक्टोबर 2023 पासून जीएसटी नोंदणीऐवजी साध्या नावनोंदणीवर काम करता येतं. गुमास्ता (दुकान-आस्थापना नोंदणी) एफएसएसएआयला लागत नाही, बँक चालू खातं उघडताना मागते. वार्षिक विवरणपत्र परवानाधारकांना असतं, नोंदणीवाल्यांना नाही.

मशीन घ्यायचं असेल तर पीएमएफएमई या लहान अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्रीय योजनेखाली प्रकल्पखर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख रुपये, कर्जाशी जोडलेलं अनुदान ठरवलेलं आहे. एक जिल्हा एक उत्पादन या यादीत इंदूरचं उत्पादन बटाटा आहे. उपवासाचा कीस, बटाट्याचे पापड, सळ्या, वेफर्स वाळवून विकणाऱ्या घरांनी आधी योजनेची चालू स्थिती पाहावी, मगच ड्रायरचं कोटेशन मागवावं.

घर बदललं की नोंदणी आपोआप नव्या पत्त्यावर येत नाही, आणि दोन जागी स्वयंपाक होत असेल तर दोन नोंदण्या लागतात. प्रमाणपत्रावर मुदत छापलेली असेल तर ती पाहून किमान 30 दिवस आधी नूतनीकरणाचा अर्ज टाका, आणि पिशव्या एकदम पाच हजार छापून घेण्यापूर्वी तो क्रमांक पुढेही तोच राहतो आहे याची पोर्टलवर खात्री करा.